कंबरदुखी खरीच आहे, पण त्या पुड्या आधी डॉक्टरांना दाखवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते.

"माझं वय ५८. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत पाण्याचं पिंप सरकवताना कमरेत कळ आली, ती अजून गेलेली नाही. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आणि मणक्यांची झीज निघाली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर मी मेडिकलमधून तशाच आणून घेत आले. बीपीची गोळी कायमची आहेच. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून दुखणं फार वाढलं. खाली बसणं सोडलं, भजनी मंडळ सोडलं, नातवाला उचलत नाही, गरब्याला तर नावालाही जात नाही. मुलगा गुणी आहे, पण परवा म्हणाला, 'आई, रिपोर्टमध्ये एवढं काही नाही, तुझ्या मनातच जास्त आहे.' रात्रभर रडले. शेजारच्या बेननी एका वैद्याच्या पुड्या आणून दिल्या. पुडीवर नावगाव काही नाही. सकाळ-संध्याकाळ एक, दुधातून. तिसऱ्या दिवशीच फरक पडला. तीन महिने घेतेय. भूक छान लागते, चेहराही भरलाय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. पुडी चुकली की मात्र अंग मोडून येतं. इंग्रजी औषधं मला आता नकोतच. तेल, शेक, योगासनं, ध्यान अशा नैसर्गिक उपायांनीच बरं व्हायचंय. आणि एवढं सांगा, माझं दुखणं खरंच मनाचं आहे का?"

ताई,

तुमचं दुखणं खरं आहे. मनाच्या प्रश्नाकडे मी नीट येते, पण पुड्यांचं आधी बोलू. ते थांबण्यासारखं नाही.

तीन दिवसांत उतार, वाढलेली भूक, भरलेला चेहरा आणि पुडी चुकली की अंग मोडणं, हे सगळं एकत्र वाचल्यावर माझा संशय स्टेरॉइडवर जातो. सांधेदुखी-कंबरदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक मिसळलेलं आपल्या देशात अनेकदा सापडलेलं आहे. तुमच्या पुडीत ते आहेच असं मी इथे बसून म्हणत नाही. पण ज्यांनी तुमचा चेहरा पाहून तब्येत सुधारली म्हटलं, त्यांनी कदाचित सूज पाहिली असेल.

तरीही उद्यापासून पुडी एकदम बंद करू नका. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल बनवतात, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. बाहेरून आयतं मिळू लागलं की त्या हळूहळू काम थांबवतात. मग बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब कोसळतो, ओकाऱ्या होतात, माणूस उठू शकत नाही. म्हणून ही पुडी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. या दोन-तीन दिवसांतच मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. बरोबर उरलेल्या पुड्या न्या, वेदनाशामक गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, बीपीच्या गोळीचं नाव न्या, आणि तीन महिन्यांची हकीगत जशी मला लिहिलीत तशीच त्यांना सांगा. लाजू नका. ते रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन (म्हणजे मूत्रपिंडांचं काम), क्षार आणि बहुधा सकाळचं कॉर्टिसोल तपासतील. मध्येच ओकाऱ्या, घेरी, कमालीचा अशक्तपणा किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर त्या दिवसाची वाट पाहू नका. तेव्हाच्या तेव्हा रुग्णालयात जा आणि गेल्यागेल्या पुड्यांचं सांगा.

काळ्या शौचाचं मुद्दाम लिहिलं. तुम्ही वेदनाशामक गोळ्याही घेताय, आणि स्टेरॉइड व त्या गोळ्या एकत्र पोटात गेल्या की जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. शिवाय या गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि बीपीच्या काही औषधांचा परिणाम कमी करतात. डॉक्टरांनी आठ-दहा दिवसांसाठी दिलेली गोळी चार वर्षं चालवायची नसते. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो, म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

आणखी एक तपासणी मी मागून घेईन, हाडांच्या घनतेची. पाळी गेल्यावर बाईची हाडं तशीही विरळ होतात, स्टेरॉइडने ती झपाट्याने होतात. पाठीच्या मणक्याला बारीक तडा गेला तर तोही 'नेहमीचं दुखणं' म्हणून अंगावर काढला जातो. त्याच वेळी ड जीवनसत्त्व आणि बी-१२ बघून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याने पायांत मुंग्या येतात, ज्या आपण कमरेच्या नावावर खपवतो.

नैसर्गिक उपायांना माझा विरोध नाही, उलट तुमच्या कंबरेचं पुढचं सगळं काम त्यांच्यावरच चालणार आहे. पण शिकलेला वैद्य चिठ्ठी लिहितो. त्याच्या औषधावर नाव असतं, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक असतो, बॅच असते. ज्याला आपल्या औषधाचं नाव सांगायचं नाही, त्याच्या हातचं पोटात घालू नये. शेजारच्या बेननी मायेनेच आणून दिलं असणार, त्यांच्यावर रागावू नका. पण त्या स्वतः घेत असतील तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्या.

आता तुमचा प्रश्न.

दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली. दोन्ही व्याख्या वेदनेला शरीराचा आणि भावनेचा एकत्र अनुभव मानतात. इजा दिसली तरच दुखणं खरं, असं त्यांत कुठेही नाही. उलट सुधारित व्याख्येबरोबर दिलेल्या टिपणात, माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचं म्हणणं मानलं पाहिजे, असं स्पष्ट आहे. मुलाला हे दाखवा.

ताजी इजा असते तेव्हा मेंदूला ती कळणं फायद्याचं असतं. तुम्ही पिंप सरकवलंत त्या दिवशी स्नायू किंवा चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, खरोखर दुखावली. तशी इजा बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येते. पण कधीकधी इजा भरते आणि मज्जासंस्था सावधच राहते. वाड्यात एकदा चोर शिरला की दारातलं कुत्रं मग दूधवाल्यावरही भुंकतं, तसं होतं. भुंकणं खरं असतं, कानठळ्या बसवणारं असतं, पण दारात चोर नसतो. तुम्ही वाकलात, खाली बसायला गेलात की कंबर ओरडते, याचा अर्थ दर वेळी आत काही फाटतंय असा नाही. मज्जारज्जूतल्या पेशी हलक्या संदेशालाही मोठं करून वर पाठवायला शिकलेल्या असतात. ही शरीरातच घडणारी गोष्ट आहे.

आणि मेंदू खालीही संदेश पाठवतो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक असल्यासारखी व्यवस्था आहे. स्पर्शाचे संदेश आणि मेंदूकडून उतरणारे संदेश वेदनेचं फाटक लोटून घेऊ शकतात. कोपर आपटलं की आपण न शिकवता ते चोळतो, त्यामागे हेच आहे. भीती, अपुरी झोप, एकटेपणा, 'आता माझं काही खरं नाही' हा विचार, यांनी ते फाटक सताड उघडं राहतं. स्पर्श, ऊब, संथ श्वास, मनासारखं काम, माणसांची सोबत यांनी ते लोटलं जातं. तेव्हा मुलाचं वाक्य चूक आहे. पण मनाकडे जाणारी वाट तुमच्या कामाची आहे, आणि 'तुझं दुखणं खोटं आहे' असं ऐकू येतं म्हणून ती वाट सोडून दिलीत तर नुकसान तुमचंच होईल.

एमआरआयबद्दल. तो कागद चार वर्षं तुमच्या मनात ठाण मांडून बसलाय. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं नसलेल्या पन्नाशीच्या लोकांत ६० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या होत्या (हाच तुमचा 'डिस्क बल्ज'), साठीच्या लोकांत ६९ टक्क्यांच्या. चकत्यांची झीज पन्नाशीत ८० टक्के आणि साठीत ८८ टक्के लोकांना होती. केस पांढरे होतात तसं ते वयाचं लक्षण आहे. 'झीज' वाचून तुम्ही खाली बसणं सोडलंत. खाली बसणं सोडल्यामुळे मांड्या आणि कंबरेचे स्नायू दुबळे झाले, आणि दुबळ्या स्नायूंची कंबर जास्त दुखते. यातून बाहेर पडायचं तर कमरेला हालचालीची पुन्हा सवय लावायची, आणि तीही तिला न घाबरवता.

इथे मला आपल्या बडोद्याचा अभिमान वाटतो. जवळच्या डभोईत १८८३ मध्ये जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे इथे जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, पुढे नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले, आणि स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. आसन-प्राणायामाने शरीरात नेमकं काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी तपासलं. श्रद्धा होती तरी तपासून पाहिलं. नैसर्गिक उपायांकडे बघण्याची ही रीत आपल्याच मातीतली आहे, ती धरून चालू.

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सांगितलं की गोळीच्या आधी व्यायाम, योग, सजगतेचं ध्यान, विचारांवर काम करणारी मानसोपचार पद्धत असे उपाय करावेत. त्याच वर्षी बोस्टनमध्ये ३२० जणांवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम २०१६ च्या एका चाचणीत ३४२ कंबरदुखीच्या रुग्णांवर पारखला गेला. सहा महिन्यांनी, ध्यान केलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना रोजची कामं करणं लक्षात येण्याइतकं सोपं झालं होतं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होतं. दुखणं पार पळालं असं कोणी म्हणालं नाही. पण उठणं, बसणं, चालणं हातात आलं. तुमचंही माप तेच ठेवा.

डॉक्टरांनी पुड्यांचा आणि हाडांचा निकाल दिला की चालण्यापासून सुरुवात करा. कमाटीबागेत सकाळी उन्हाच्या आधी जा. पहिले तीन-चार दिवस फक्त एवढं बघा, किती मिनिटं चाललं तर दुसऱ्या दिवशी दुखणं चढत नाही. समजा दहा मिनिटं. मग रोज आठ मिनिटं चाला. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. बरं वाटलं म्हणून एका दिवशी अर्धा तास चालायचं नाही, आणि दुखलं म्हणून शून्य मिनिटं नाहीत. आपल्या बायका इथेच फसतात. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी माळा काढतात, पापड लाटतात, आणि पुढचे चार दिवस पडून राहतात. मज्जासंस्थेला त्यातून एवढंच कळतं की हालचाल म्हणजे संकट. ठरलेलं, थोडं, रोज. याला मी कुठल्याही तेलापेक्षा जास्त मानते.

आसनांत मार्जरासन, सेतुबंधासन आणि खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं, एवढं सुरुवातीला पुरे. पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकण्याचं काहीही हाडांचा रिपोर्ट येईपर्यंत करू नका, कारण विरळ मणक्यावर पुढे वाकण्याचा दाब वाईट पडतो. कोणी गुरू पाठीवर हात ठेवून दाबू लागला तर सरळ उठून या. एसएसजी रुग्णालयात फिजिओथेरपी मिळते, तिथे एकदा करून दाखवून घ्या. खाली बसणंही परत आणायचंय, पण आधी पाटावर, मग दोन घड्या घातलेल्या सतरंजीवर, मग जमिनीवर. झोपाळ्यावरून उतरताना तो पायांनी पूर्ण थांबवून मगच उठा. झुलत्या झोपाळ्यावरून उठताना लचक भरलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

श्वासाला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची किंमत कमी समजली जाते. रात्री आडवं पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन, चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. दहा मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने शरीराला विसाव्याकडे नेणारी मज्जातंतूंची बाजू वर येते, हृदयाची गती उतरते, आवळून धरलेली कंबर सैल पडते. बीपी असल्याने श्वास कोंडून ठेवायचा नाही. भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, चालेल. मग डोळे मिटून पावलांपासून वर एकेक अवयव मनाने बघत या. कमरेपाशी आलात की पळू नका आणि झगडूही नका. कसं दुखतंय ते बघा: ठणकतंय, ओढतंय, जळतंय? कुठे सुरू होतं, कुठे संपतं? सुरुवातीला दुखणं मोठं झाल्यासारखं वाटेल. दोन-तीन आठवडे दिल्यावर बहुतेकांना उमगतं की दुखणं एका जागी स्थिर नसतं, त्याला चढउतार असतो, आणि त्याची भीती हा वेगळा भाग आहे.

शेक आणि तेल जरूर. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल उष्णता आणि स्पर्श ओळखणाऱ्या शरीरातल्या रिसेप्टरांच्या शोधालाच मिळालंय, तेव्हा आजीच्या वाळूच्या पुरचुंडीत काही अर्थ नाही असं कोणी म्हणू नये. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये जाड कापड ठेवून. बाम लावलेल्या जागी शेक देऊ नका, भाजतं. साखर वाढलेली निघाली आणि पायांना बधिरपणा असला तर पायांवर शेक नको. निर्गुंडीचं किंवा नारायण तेल कोमट करून हलक्या हाताने चोळून घ्या. सुनेने किंवा बहिणीने चोळलं तर त्या हाताचाही उपयोग होतो. कटिबस्ती, म्हणजे कमरेवर पिठाचं कडं करून त्यात कोमट तेल ठेवणं, आवडत असेल तर करा, तिच्या उबेने आराम पडतो, पण चकती आत जाईल म्हणून पॅकेज घेऊ नका. चुंबकाच्या पट्ट्याने जुनाट दुखणं कमी होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, त्यावर पैसे घालू नका. हळद-दूध प्या. हळदीच्या तीव्र गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

यजमान गेल्यावर दुखणं वाढलं, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला तिथे थांबावंसं वाटलं. शोकात झोप तुटते, आणि झोप तुटलेल्या रात्रीनंतर तेवढंच दुखणं जास्त दुखतं. ज्या माणसाला 'आज कंबर फार ठणकतेय' असं सांगता यायचं ते माणूस घरात नाही. भजनी मंडळ सोडणं ही त्या काळातली तुमची दुसरी मोठी हानी आहे. त्यांना सांगून खुर्ची मागा आणि पुढच्याच बैठकीला जा, खाली बसता येईपर्यंत थांबू नका. गाताना श्वास आपोआप लांब होतो, आणि तिथे तुमची माणसं आहेत. सकाळी उठावंसंच वाटत नसेल, कशात रस उरला नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. जुनाट कंबरदुखीत ड्युलॉक्सेटिनसारखं औषध कधीकधी दिलं जातं, ते उदासीवरही चालतं आणि वेदनेच्या त्या फाटकावरही. ते दिलं म्हणून तुम्हाला कोणी वेडं ठरवलेलं नसतं.

गरब्याचं तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगते. बाहेरच्या, सावकाश फेरीत, टाळी देत, झुकून वळणं आणि उड्या टाळून, आधी पाच मिनिटं. पुढच्या नवरात्रापर्यंत तेवढं जमायला हरकत नाही.

काही लक्षणं मात्र यातल्या कशात बसत नाहीत. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलताना लटकं पडणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच तासाला रुग्णालय. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, विश्रांतीतही रात्री वाढत जाणारी कळ, किंवा साध्या धक्क्याने उठलेली नवी तीव्र कळ असली तर तपासून घ्यायला उशीर नको.

चिरंजीवांसाठी दोन ओळी. तुम्ही आईला टोचून बोलला नाहीत, रिपोर्ट वाचून धीर द्यायला गेलात, हे मला कळतं. या आठवड्यात सुट्टी काढून तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, पुड्या तुमच्या हातात असू द्या. घरी रोज "किती दुखतंय?" असं विचारू नका, "आज किती चाललीस?" असं विचारा. आणि पहिला आठवडा कमाटीबागेत तिच्या बरोबर चाला, तिच्या चालीने.